काशम्माची खात्री

“आदी येवढं सांगा बाई, मानूस जित्ता हाय का?”

डॉक्टर वैजयंती बोलता बोलता थांबल्या. अंगात तो पांढरा प्लास्टिकचा पोशाख, तोंडावर एकावर एक मास्क आणि वर पारदर्शक ढाल. आतून दिसत होते ते फक्त डोळे, तेही झोप न झालेले. दवाखान्याच्या आवारात नातेवाइकांसाठी पत्र्याचा मांडव घातला होता. सोलापूरचा एप्रिल, पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. तिथे उभ्या राहून त्या मघापासून काशम्माला काहीतरी समजावत होत्या आणि काशम्मानं त्यातलं अक्षरही घेतलं नव्हतं.

“काकू, मी त्यांच्या उपचाराबद्दलच बोलतेय. जिवंत नसते तर कशाला बोलले असते?”

“बोलाय काय, बोलता येतंय की कायबी.”

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दवाखान्यात तळमजल्यावर एक चेंबर आहे. शुगरवाल्यांच्या पायाच्या जखमा भरत नाहीत, त्यांना त्यात झोपवतात. आत निव्वळ ऑक्सिजन असतो आणि त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त ठेवतात. दाबामुळे ऑक्सिजन रक्तात जास्त मुरतो. महादेवप्पांच्या फुप्फुसांत न्यूमोनिया पसरलाय, नुसत्या मास्कवर भागत नाहीये. काही ठिकाणी अशा रुग्णांना या चेंबरचा उपयोग होतोय का, ते बघतायत. आपणही बघावं असं वाटतं.

“गुण येईलच असं मी सांगत नाही. आला तर येईल. म्हणून तुमची परवानगी हवी.”

‘परवानगी’ हा शब्द ऐकला आणि काशम्माचे कान टवकारले.

जन्मात तिची परवानगी कुणी मागितली नव्हती. वळसंगच्या बापानं लग्न ठरवलं ते तिला रात्री जेवताना कळलं. होटगीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायला जायचं, हे सामान बांधायला लागल्यावर कळलं. तिची गर्भाची पिशवी काढली तीसुद्धा डॉक्टरांनी काढल्यावरच सांगितली. हुकूम देणाऱ्या माणसांची तिला सवय होती, त्यांची भीती वाटत नव्हती. पण शिकलेलं, मोठ्या हुद्द्याचं माणूस हात जोडल्यासारखं परवानगी मागतं म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणार. नाहीतर ते आपल्याला कशाला विचारेल?

“इचार करून सांगते,” ती म्हणाली.

“लवकर सांगा काकू. वेळ जास्त नाही.”

घाईही होती म्हणजे. काशम्माचा संशय पक्का झाला.

होटगीत तिची ओळखच तशी होती. ती घरी कडक भाकऱ्या करून विकायची. ज्वारी घ्यायला गेली की पोत्याच्या वरची मूठ कधी बघायची नाही, हात कोपरापर्यंत आत घालून तळाची काढायची आणि दाताखाली धरून बघायची. दूधवाल्याच्या मापात आधी स्वतःचं बोट बुडवायची. लेकीला, महेश्वरीला, स्थळ आलं तेव्हा मुलाकडच्यांनी सांगितलेलं एकही वाक्य तिनं खरं मानलं नव्हतं. अक्कलकोटला जाऊन, त्यांच्या गल्लीतल्या गिरणीत दळण टाकून, अख्खी दुपार तिथे बसून चौकशी केली होती आणि मगच होकार दिला होता. तिचा नवरा महादेवप्पा अगदी उलटा. जंक्शनवर पॉइंट्समन होता. केबिनमधून जसा निरोप येईल तसा रुळांचा सांधा बदलायचा आणि हिरवं निशाण दाखवायचं. “सांगनारा खोटं कशाला सांगंल?” हे त्याचं ठरलेलं वाक्य. काशम्मा म्हणायची, याच्या वाटचा संशय पण देवानं माझ्याच पदरात टाकलाय.

आणि दवाखान्याचा संशय तर तिला बापापासून होता. तिचा बाप एका दवाखान्यात वारला. घरच्यांना ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समजलं. तोपर्यंत वळसंगहून दूध जातच होतं आणि तांब्या रिकामा होऊन परत येतच होता. ते दूध कोण प्यायलं, हे तिला कधी कळलं नाही. पण रिकाम्या भांड्यावरचा तिचा विश्वास त्या दिवशी उडाला तो उडालाच.

महादेवप्पाला ताप आला, धाप लागली, रेल्वेच्या दवाखान्यात जागा मिळाली नाही म्हणून इथं आणला. दारातून त्याला चाकाच्या खुर्चीवरून आत नेलं आणि दार बंद झालं. तेव्हापासून तो तिला दिसला नव्हता. महेश्वरी अक्कलकोटला स्वतःच आजारी पडून खोलीत कोंडलेली. ती फोनवरून धीर द्यायची, तेवढाच आधार. दवाखान्यानं एकदा दोघींना व्हिडिओवर दाखवला होता. पांघरूण, मास्क आणि मास्कच्या वर मिटलेले दोन डोळे.

“त्यो तुजा बापच होता का गं?” तिनं मुलीला विचारलं होतं.

“अव्वा, दुसरं कोण असणार?”

“मास्कच्या मागं कोनबी असू शकतंय.”

मांडवात तिच्या शेजारी अजिनाथ बसायचा. सांगोल्याकडचा धनगर, पस्तिशीतला, उंचेला, बोलायला कमी. मेंढरं भावकीच्या ताब्यात देऊन आईला, केराबाईला, घेऊन आला होता. खाट मिळेपर्यंत केराबाई या मांडवातच घोंगडीवर पडून होती, आणि काशम्मानं तिला पाणी पाजलं होतं, पदरानं वारा घातला होता. त्या अर्ध्या दिवसात दोघी बायका बहिणी असल्यासारख्या बोलल्या होत्या. मग केराबाईलाही आत नेलं.

डॉक्टर गेल्या तसा अजिनाथ जवळ सरकला.

“आक्का, तुमालाबी टाकीचं सांगितलं काय?”

“तुलाबी?”

“व्हय की. आयला टाकीत घालतो म्हन्त्यात. झाकन लावून. लोक म्हन्त्यात, आत घातल्यावर काय काय काडून घेत्यात. मला काय उमगंना. तुमी काय केलं?”

“मी न्हाई दिली सई.”

“मग मी?”

काशम्मानं इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली केला. “हे बग अजिनाथ, ज्याला खरंच गुन हाय ते कुनी इचारून देत न्हाई. सरळ टोचत्यात. हे इचारायला आले म्हंजे शिकायला आलेत. कुनावर तरी करून बगायचं असंल. तुजी आय गरीब, माजा मानूस गरीब. मोठ्याच्या घरचं मानूस घालतील काय टाकीत? नगं देऊ सई.”

अजिनाथनं मान डोलावली. त्याला असंच कुणीतरी ठामपणानं सांगायला हवं होतं. संध्याकाळी डॉक्टर विचारायला आल्या तेव्हा त्यानं खाली बघत ‘न्हाई’ म्हटलं. त्यांनी दोनदा विचारलं. तो दोन्ही वेळा न्हाईच म्हणाला आणि मग काशम्माकडं पाहिलं, बरोबर केलं ना, अशा नजरेनं.

डबा रोज आत जायचा. दवाखान्याजवळ काशम्माच्या भावजयीचं माहेर होतं, त्यांच्या ओसरीवर तिला चूल मिळाली होती. डबा दारावर द्यायचा, आतली मावशी तो घेऊन जायची आणि दुपारी रिकामा, वर धुऊन, परत आणून द्यायची. धुतलेला डबा काशम्मा उलटसुलट करून बघायची. इतका आजारी माणूस डबा चाटूनपुसून खातो कसा?

मग तिनं कारलं केलं.

महादेवप्पानं आयुष्यात कारलं खाल्लं नव्हतं. घरात त्याचा वास आला तरी तो ताट घेऊन ओसरीवर जायचा. सासू होती तेव्हा तिनं एकदा साखर, चिंच घालून फसवून वाढलं होतं, तर त्यानं पहिला घास तोंडातून काढून कडेला ठेवला होता. काशम्मानं कारलं किसून, मीठ लावून, कडूपणा पिळून न टाकता तसंच परतलं. ज्वारीची भाकरी, थोडा भात आणि हे. डब्याला वरून कापड बांधलं आणि मावशीच्या हातात दिलं.

दुपारी डबा आला. रिकामा. धुतलेला.

काशम्मानं तो उघडून नाकाला लावला. साबणाचा वास होता. ती तिथेच पायरीवर बसली आणि फोन लावला.

“महेश्वरी, तुजा बाप न्हाई राहिला.”

पलीकडं मुलगी रडायलाच लागली. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, काय सांगितलं, विचारू लागली. काशम्मानं कारल्याचं सांगितलं. “अव्वा, मावशीनं खाल्लं असेल. शेजारच्यानं खाल्लं असेल. तेवढ्यावरून तू…”

“तुज्या आज्ज्याचं दूधबी आसंच कुनी पीत हुतं.”

ती उठली आणि सरळ दारावर गेली. आत सोडेनात तेव्हा दाराशीच बसली. वॉचमननं सांगून बघितलं, दरडावून बघितलं. ती आरडाओरडा करत नव्हती, रडत नव्हती, नुसती बसून होती, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला वाट सोडत नव्हती. शेवटी डॉक्टर वैजयंती खाली आल्या.

“तुमाला सई पायजे न्हवं?” काशम्मा म्हणाली. “देते. पन मला मानूस दाखवा. फोनमदी न्हाई. डोळ्यानं. तोंडावरचं काडून.”

“वॉर्डात मास्क काढता येत नाही काकू. काढला तर त्यांचा ऑक्सिजन खाली येतो.”

“मग सई न्हाई.”

डॉक्टर जायला वळल्या आणि थांबल्या.  “चेंबरमध्ये मास्क लागत नाही,” त्या म्हणाल्या. “आत सगळीकडे ऑक्सिजनच असतो. आणि आमच्या चेंबरच्या भिंती पारदर्शक आहेत, काचेसारख्या. मी वर विचारून बघते. परवानगी मिळाली तर तुम्ही हा पोशाख घालून शेजारी उभ्या राहा. पूर्ण वेळ. मग तर झालं?”

आता डॉक्टरबाईसुद्धा कुणाची तरी परवानगी मागायला निघाल्या होत्या, हे काशम्माच्या ध्यानात आलं. त्यानं तिचा संशय गेला नाही, पण ती दारातून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून होकार आला. काशम्मानं सही केली, आणि तासाभरातच दुसरं संकट उभं राहिलं. चेंबर चालवणारा माणूस बाहेर आला. शिवयोगी त्याचं नाव, चाळिशीचा, शांत चेहऱ्याचा. त्यानं तिला बाजूला घेतलं.

“अव्वा, आत चांदी, तेल, धातू काय चालत न्हाई. नुसत्या ऑक्सिजनमदी ठिनगी पडली तर लई वंगाळ. अंगठी काडली, करदोडा काडला. पन गळ्यातली करडगी त्यांनी धरून ठेवलीय. सोडत न्हाईत.”

करडगी म्हणजे चांदीची डबी. तिच्यात महादेवप्पाचं इष्टलिंग होतं. अय्याचार, म्हणजे दीक्षा, झाल्या दिवसापासून ते त्याच्या अंगावरून उतरलं नव्हतं. आंघोळीतही नाही, तापातही नाही. जिवंत माणसाचं लिंग अंगावेगळं करत नाहीत आणि मेल्यावर ते त्याच्याबरोबरच मातीत जातं.

“तुमाला काय कळनार त्यातलं,” काशम्मा कडवटपणे म्हणाली.

शिवयोगीनं शर्टाचं बटण काढून स्वतःच्या गळ्यातला लिंगाचा दोरा दाखवला. तरी तिचं समाधान झालं नाही. तिनं त्याला गाव विचारलं, मठ विचारला, गुरूचं नाव विचारलं, आणि त्या गुरूच्या आधी गादीवर कोण होतं तेही विचारलं. त्यानं न चिडता सगळं सांगितलं.

“डाक्टरबाईंना मी इचारलंय,” तो म्हणाला. “चांदी भाईर ठेवू. लिंग ओल्या सुती कापडात गुंडाळून दंडाला बांदू. मी माज्या हातानं बांदतो. अंगावरच राहील. पन तुमी सांगितल्याबिगर ते हात सोडनार न्हाईत.”

काशम्मानं पांढरा पोशाख चढवला. आत इतकं उकडत होतं की स्वतःचाच श्वास तिला पुरेना. एका गार खोलीत तिला नेलं. मध्ये ती टाकी होती. तिनं मनात लोखंडी, दुधाच्या टँकरसारखी काहीतरी धरली होती. ही तर काचेच्या मोठ्या नळीसारखी होती, आडवी ठेवलेली. शेजारी स्ट्रेचरवर एक माणूस पांढऱ्या सुती कपड्यात पडला होता. दोन्ही मुठी छातीवर घट्ट. तोंडावर मास्क.

ती जवळ गेली. पोशाखात ती त्याला ओळखू येईना. तिनं कन्नडमधून हळूच सांगितलं, सोड, अंगावरच राहणार आहे ते. मुठी सैल झाल्या. शिवयोगीनं करडगी उघडून, कपाळाला लावून, ठरल्यासारखं सगळं केलं. काशम्मानं गाठ ओढून बघितली.

माणूस नळीत सरकवला. दार लागलं. मास्क निघाला होता.

काशम्मा वाकली. गालफडं बसली होती, दाढीचे पांढरे खुंट वाढले होते. डोळे छताकडं. तोच होता. तोच असावा. आजारानं माणसाचं तोंड बदलतं, हे तिला ठाऊक होतं, आणि खात्रीच्या काठावर येऊनही तिचं मन पाय पुढं टाकत नव्हतं.

शिवयोगीनं चाकी फिरवली. हवा सरसरल्यासारखा आवाज झाला. “दाब वाढतोय काका,” तो माइकमध्ये म्हणाला. “कानात दडे बसतील. आवंढा गिळत राहा.” आतल्या माणसाच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली. काशम्मानंही आवंढा गिळला.

“लाइट गेली तर?” तिनं विचारलं.

“दाब हातानं सोडता येतोय. मी हितनं हालत न्हाई.”

“आन तुमालाच काय झालं तर?”

शिवयोगीनं पहिल्यांदा तिच्याकडं वळून पाहिलं. “त्या खुर्चीवर अजून एक जन बसलाय, अव्वा. त्यालाबी येतंय.”

मग त्यानं माइक तिच्या हातात दिला. बोला म्हणाला.  ती नुसती काचेवर हातमोज्याचा हात ठेवून उभी राहिली. आतल्या माणसानं मान हळूच वळवली. त्याचे ओठ हलले आणि वरच्या जाळीतून घोगरा, तुटक आवाज आला.

“हागलकाय याक कळिसिदी?”

कारलं का पाठवलंस.

काशम्मा काचेवर आणखी वाकली.  “तू खाल्लंस?” तिनं कन्नडमध्येच विचारलं.

“खाल्लं.” एक श्वास. “आयुष्यात कधी वाढलं नाहीस.” पुन्हा श्वास. “आता पाठवलंस म्हणजे औषधाचंच असणार. म्हणून खाल्लं सगळं.”

शिवयोगी दाबाच्या काट्याकडं बघत राहिला. काशम्माला तोंड पुसायचं होतं, पण त्या पोशाखात पदर कुठं सापडेना.

बाहेर आल्या आल्या तिनं अजिनाथला गाठलं. घामानं ती निथळत होती. “अजिनाथ, जा. सई दे. मी बगून आले. काय काडून घेत न्हाईत, काय न्हाई. काचंची हाय, सगळं दिसतंय. जा आत्ता.”

अजिनाथ बसल्या जागेवरून उठला नाही.

“तुमी सई केली?”

“केली.”

“कदी?”

“सकाळी.”

“मला न्हाई सांगितलं.”

“बगितल्याबिगर काय सांगू? आता सांगतेय की.”

“मला तर तुमी बगितल्याबिगरच नगं म्हनला हुता.”

 तो उठला आणि दाराकडं गेला. बऱ्याच वेळानं परत आला तेव्हा तिच्या शेजारी बसला नाही, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेला. ती स्वतःच त्याच्यापाशी गेली.

“काय म्हनल्या?”

“आयला सकाळधरनं मोठ्या मशीनवर घेतलंय. नळी घातलीय घशात. त्या मशीनसकट टाकीत जाता येत न्हाई म्हनल्या.” तो तिच्याकडं वळला. “जागा येकच हुती का आक्का? म्हनून मला थांबिवलं?”

“न्हाई रं. देवाशपत न्हाई.”

तिला आयुष्यात कुणी असं विचारलं नव्हतं. विचारणारी नेहमी तीच असायची. तिनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तिला समजलं की तो ते वाक्य घेत नाहीये, उलटंपालटं करून तळाचं काढून बघतोय. ती स्वतः पोत्यात हात घालून बघायची, तसाच.

त्यानंतरच्या दिवसांत ती रोज चेंबरपाशी जायची. तिचा संशय गेला असं नाही. ती काटा बघायची, गाठ ओढायची, शिवयोगी जेवायला गेला तर दुसऱ्याला त्याचं नाव-गाव विचारायची. महादेवप्पा नळीत पडून तिच्याशी थोडं थोडं बोलायचा. जंक्शनवर आता सांध्यावर कोण आहे, बदली माणसाला कडेचा सांधा जड जातो हे ठाऊक आहे का, अशा चौकश्या करायचा. मांडवातले लोक आता तिच्याभोवती जमायचे. आमचं माणूस दिसलं का, निळ्या चादरीचं होतं का, हलत होतं का, विचारायचे. चेंबरची खोली वेगळी, वॉर्ड वेगळा, हे ती सांगायची, तरी ते विचारायचे. अजिनाथ विचारायचा नाही. ती डबा दोन माणसांचा करू लागली होती. तो घ्यायचा, खायचा, डबा धुऊन परत द्यायचा आणि बोलायचा नाही.

एकदा तिनं डॉक्टरांना विचारलं, “टाकीनंच गुन आला का ह्यास्नी?”

“औषधंही चालू होती काकू. एका माणसावरून सांगता येत नाही.”

“मंग केराबाईला घातलं असतं तर?”

 “तेही सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. “खरंच नाही.”

काशम्माला पहिल्यांदा असं वाटलं, की ही बाई तिच्याशी खोटं बोलली असती तर बरं झालं असतं.

महादेवप्पाला साध्या वॉर्डात हलवायचं ठरलं तो सोमवार होता. धोका टळला, आठवड्यात घरी न्या, असं डॉक्टरांनी सकाळी सांगितलं. काशम्मा महेश्वरीला फोन लावत होती, तेवढ्यात दारातून नाव पुकारलं गेलं. अजिनाथ उठला. दारातल्या माणसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मांडवात कुणाला काही विचारावं लागलं नाही.

काशम्मानं फोन कापला. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. तो रडत नव्हता. डोक्याचं मुंडासं सोडून हातात धरलं होतं.

“येक जनानं आत जाऊन वळख पटवायची,” दारातला माणूस म्हणाला. “मग पिशवी बंद. गाडी परस्पर स्मशानात.”

अजिनाथ जागचा हलला नाही. पिशव्यांची अदलाबदल होते, एकाच्या आईला दुसराच अग्नी देतो, असं मांडवात रोज कुणी ना कुणी बोलायचं. मग तो काशम्माकडं वळला.

“आक्का, तुमी जावा.”

“मी?”

“माज्यानं बगवनार न्हाई. आन मी बगितलं तर रडत रडत कुनालाबी आय म्हनीन.” त्याचा आवाज अगदी सपाट होता. “तुमचा डाक्टरवर इस्वास न्हाई, मशीनवर न्हाई, माज्यावर न्हाई. तुमी बगा. तुमी व्हय म्हनला की मी मानतो.”

काशम्मानं पुन्हा तो पोशाख चढवला. आतल्या खोलीत पंखा नव्हता. दाराशी बसलेल्यानं मान वर न करता विचारलं, “नातं?”

“भन.”

त्यानं समोरच्या कागदावरचं मयताचं नाव आणि आडनाव बघितलं. मग काशम्माच्या ढालीआड दिसणारी कपाळावरची विभूतीची रेघ बघितली. तरी ‘बहीण’ असंच लिहिलं.

पिशवीची चेन गळ्यापर्यंत उघडली. चेहरा सुजलेला होता, नळीच्या पट्टीचे वळ गालांवर उमटलेले. “झालं?” माणसानं विचारलं.

“न्हाई. उगडा अजून.”

“मावशी, तोंड बघून…”

“तोंडावरून कळत न्हाई. डावा हात काडा.”

त्यानं चेन आणखी खाली घेतली. काशम्मानं हातमोज्यातल्या हातानं तो हात उचलला. कोपरापर्यंत गोंदण होतं, हिरवं, फिकट झालेलं. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. त्या वयाच्या कितीतरी बायकांच्या हातावर गोंदण असतं. तिनं करंगळी धरून बघितली. मांडवात घोंगडीवर पडल्या पडल्या केराबाईनं तिला ही करंगळी दाखवली होती, आणि दम लागत असतानाही हसून सांगितलं होतं की एक माजलेला एडका आडवा आला होता, तेव्हापासून ती सरळ होत नाही, भाकरी थापताना तेवढीच नक्षी उमटते. करंगळी वाकडी होती. काशम्मानं ती हळूच सरळ करून बघितली. ती सरळ झाली नाही.

तिनं हात छातीवर ठेवला. लुगड्याचा काठ चेनीत अडकेल असा बाहेर आला होता, तो आत सारला. कपाळावरचे केस मागं केले. मग म्हणाली, “लावा.”

बाहेर अजिनाथ भिंतीकडं तोंड करून उभा होता.

“व्हय,” ती म्हणाली. “तुजी आयच हाय.”

त्यानं मान हलवली. मुंडासं पुन्हा डोक्याला गुंडाळलं. एकदा तिच्याकडं पाहिलं. पांढरी गाडी मागं घेत दाराशी आली. दोघा माणसांनी पिशवी आत ठेवली, मागचं दार लावलं आणि अजिनाथ पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

गाडी सुरू झाली. काशम्मा पोशाखातच भरभर पुढं गेली आणि हात करून ती थांबवली. मागच्या दाराला हाताचा तळवा लावून जोरानं ढकलून बघितलं, मग कडी हलवून बघितली. दार नीट लागलं होतं. तिनं पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि बाजूला झाली.